मोरचूद, चुना आणि मोबाइल : कुळागरातील बोर्डो मिश्रणाच्या सूचनांचा प्रकरण अभ्यास

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील सावईवेरे आणि केरी परिसरातील काही कुळागर (सुपारीची मिश्र बाग) मालकांनी एकत्र येऊन करून घेतलेल्या एका सूचनासंचाचे हे प्रकरण आहे. सुपारीची फळे कुजवून गाळणाऱ्या कोळेरोगावर फवारायचे, मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण कसे तयार करावे, ते बरोबर झाले की बिघडले हे कसे ओळखावे आणि फवारणी घोसापर्यंत पोहोचली की नाही हे खालून कसे पाहावे, एवढाच त्या संचाचा विषय आहे. संचात भिंतीवर लावायचा एक छापील तक्ता, लहान लहान चित्रफितींची एक मालिका आणि तिच्यासोबतचे निवेदन आहे. आखणीचे काम तांत्रिक लेखक म्हणून माझ्याकडे होते. संबंधितांची नावे येथे दिलेली नाहीत. प्रकरण समजण्यासाठी त्यांची गरजही नाही.

असे विषय घेऊन बहुमाध्यमाबद्दल लिहिताना बहुतेक लेखक मजकूर, चित्र, ध्वनी, चलचित्र यांचे गुणदोष सांगून मोकळे होतात. प्रत्यक्ष कामात प्रश्न वेगळा पडतो. एकाच कृतीतील कोणती पायरी कोणत्या माध्यमाकडे सोपवायची आणि कोणती कटाक्षाने सोपवायची नाही, हे ठरवावे लागते. या प्रकरणात खरे श्रम तिथेच गेले.

रोग आणि औषध

डोंगराच्या कुशीत, झरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या कुळागरात पोफळी (सुपारीची झाडे), माड, केळी, मिरवेली आणि जायफळ एकमेकांच्या सावलीत उभे असतात. जी सावली आणि जो ओलावा कुळागराला पोसतो, तोच पावसाळ्यात फायटोफ्थोरा या रोगकारकालाही पोसतो. जून ते सप्टेंबर या काळात सुपारीच्या कोवळ्या फळांच्या देठाकडील बाजूला पाणी मुरल्यासारखे गडद हिरवे डाग पडतात, फळे कुजून गळतात आणि खाली पडलेल्या फळांवर पांढरी बुरशी धरते. म्हैसूर संस्थानात काम करणाऱ्या लेस्ली कोलमन यांनी १९१० साली या रोगाचा कारक जीव वर्णिला आणि त्यावर बोर्डो मिश्रणाची शिफारस केली. शंभर वर्षे उलटून गेली तरी सुपारीच्या पट्ट्यात पहिला भरवसा अजून याच मिश्रणावर ठेवला जातो.

मिश्रणाचा इतिहास आमच्या विषयाशी एका अनपेक्षित बाजूने जोडलेला आहे. फ्रान्समधील बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडत असत. त्या वेलींवर केवडा रोग पडत नाही, हे पिएर मारी अलेक्सी मिलार्दे यांनी पाहिले आणि १८८५ साली या मिश्रणाचा रोगनाशक उपयोग प्रसिद्ध केला. म्हणजे हे मिश्रण आधी निव्वळ दिसण्यासाठी होते, त्याचा निळसर राप हाच वाटसरूला दिलेला इशारा होता. घोसावरचा तो निळा राप आमच्या संचातही पुढे उपयोगी पडला.

एक टक्का मिश्रणाचे प्रमाण सोपे आहे. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि एकूण १०० लिटर पाणी. मोरचूद निम्म्या पाण्यात वेगळे विरघळवायचे, चुना विझवून उरलेल्या निम्म्या पाण्यात वेगळा कालवायचा, फडक्याने गाळायचा आणि मग मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या निवळीत हळूहळू ओतत सतत ढवळायचे. भांडी प्लास्टिकची, मातीची किंवा लाकडाची हवीत, लोखंडाची नकोत. मिश्रण त्याच दिवशी वापरायचे. पहिली फवारणी मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी आणि दुसरी साधारण ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप मिळेल तेव्हा.

पत्रकात चूक नव्हती

मालकांकडे या विषयाचे एक जुने पत्रक होते. दोन्ही बाजूंनी छापलेल्या त्या कागदावर वरील सगळी माहिती मराठीत, शुद्ध आणि क्रमवार दिलेली होती. तपासून पाहिले तेव्हा त्यात चुकीचे एकही विधान सापडले नाही. तरीही तक्रारी दरवर्षी त्याच होत्या. कुणाच्या बागेत फवारणीनंतर कोवळी पाने करपत, कुणाच्या बागेत मिश्रण पहिल्याच सरीत धुऊन जाई, तर कुणाचा फवारा मध्येच चोंदे.

संच करण्याआधी मिश्रण प्रत्यक्ष कसे बनते ते पाहण्याचे ठरले. पहिली गोष्ट अशी दिसली की पत्रक घराच्या कपाटात होते आणि मिश्रण बागेतल्या छपराखाली होत होते. पत्रक वाचणारा मालक एक, आणि पिंपात काठी फिरवणारा माणूस दुसराच. मालक मराठी वर्तमानपत्र रोज वाचणारे, घरात कोंकणी बोलणारे. कामगारांपैकी काही सत्तरी तालुक्यातले, काही कर्नाटकातून आलेले आणि काही हिंदीच काय ते समजणारे. पत्रकातली माहिती मालकाच्या तोंडून, घाईत, अर्धी हातवाऱ्यांनी पुढे जात होती.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. वजने जवळजवळ सगळ्यांची बरोबर होती. १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना हे लोकांना पाठ होते. बिघाड वजनात नव्हता, चुन्यात होता. कळीचा चुना उघड्या गोणीत राहिला की हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि त्याचा जोर जातो. काट्यावर तो किलोच भरतो, पण मोरचुदाची आम्लता मारायला कमी पडतो. मग मिश्रणात मोकळे तांबे शिल्लक राहते आणि पाने करपतात. म्हणजे आकडा कितीही अचूक दिला तरी तो येथे पुरा पडत नाही. तयार मिश्रण तपासावेच लागते. पत्रकात ती तपासणीही दिलेली होती : मिश्रणात स्वच्छ चाकू बुडवावा, त्यावर तांबूस थर आल्यास आणखी चुना घालावा.

आणि लोक चाकू बुडवत होतेही. फक्त तो स्वयंपाकघरातला स्टेनलेस स्टीलचा चाकू होता. या परीक्षेमागचे रसायन असे की मोकळे तांबे असलेल्या द्रावणात लोखंड गेले की लोखंड विरघळते आणि त्याच्या जागी तांबे बसते. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तो ही अदलाबदल होऊ देत नाही. त्यामुळे मिश्रण कितीही बिघडलेले असले तरी तो चाकू चकचकीतच बाहेर येतो. पत्रक जुन्या काळात लिहिले गेले असावे, जेव्हा घरातला चाकू म्हणजे लोखंडाचाच असे. शब्द तोच राहिला आणि वस्तू बदलली. परीक्षा पाळली जात होती, पण ती नेहमीच ‘उत्तीर्ण’ असा निकाल देत होती.

पायरीगणिक माध्यम

या निरीक्षणानंतर मालकांची पहिली मागणी, म्हणजे सगळे पत्रक बोलून दाखवणारी एकच चांगली चित्रफीत, बाजूला ठेवावी लागली. तशी चित्रफीत करणे सोपे होते आणि ती सर्वांना आवडलीही असती. पण पत्रकातला मजकूर आवाजात घातल्याने चाकू बदलला नसता.

त्याऐवजी संपूर्ण कृती पायऱ्यांमध्ये तोडली आणि प्रत्येक पायरीपाशी माणूस का अडतो ते लिहून काढले. काही ठिकाणी त्याला संख्या आठवत नाही. तिथे चित्रफीत निरुपयोगी, किंबहुना त्रासदायक असते, कारण एक आकडा शोधण्यासाठी ती पुढेमागे सरकवावी लागते. हातावर चुना असताना तर नकोच. म्हणून सगळी प्रमाणे तक्त्यावर गेली, तीही गणित करावे लागू नये अशा रीतीने. २०० लिटरच्या पिंपाला २ किलो आणि २ किलो, १०० लिटरला १ आणि १, २० लिटरच्या बादलीला २०० ग्रॅम आणि २०० ग्रॅम. काही ठिकाणी अडचण हालचालीची असते : ओतण्याची गती किती, ढवळायचे कसे, गाळताना फडके कसे धरायचे. ते काम चलचित्राचे. कुठे एखादी अवस्था ओळखायची असते, आणि तिथे हालत्या चित्रापेक्षा शेजारी शेजारी ठेवलेली दोन स्थिर छायाचित्रे चांगली. कारणे मात्र आवाजाकडे दिली. मोरचूद चुन्यात का ओतायचे, उलट का नाही, हे दाखवता येत नाही. पण चुन्याचे पाणी अल्कधर्मी असल्याने त्यात तयार होणारा साका बारीक राहतो, लवकर तळाशी बसत नाही आणि फवाऱ्याचे तोंड चोंदत नाही, हे हात काम करत असताना कानावर पडले तर पुरते.

धोक्याच्या सूचनांचा विचार वेगळा झाला. कळीच्या चुन्यावर पाणी पडले की तो उकळतो आणि उडतो. चुना किंवा मोरचूद डोळ्यात गेले तर इजा गंभीर होऊ शकते. सूचना त्या त्या कृतीच्या आधी आली पाहिजे, नंतर येऊन उपयोग नाही. उपयोगसूचनांसाठीच्या आयईसी/आयईईई ८२०७९-१ या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मानकाचा भरही याच शिस्तीवर आहे. म्हणून चष्मा आणि हातमोजे चढवणारे हात हे चुन्याच्या चित्रफितीचे पहिलेच दृश्य झाले. पण डोळ्यात गेल्यावर काय करायचे, म्हणजे ताबडतोब स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटे डोळा धुवायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा, हे फक्त तक्त्यावर, सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत आहे. अपघात झाल्यावर चित्रफीत शोधत कोणी बसत नाही.

कोयत्याचे पाते

सर्वांत जास्त वेळ एका मिनिटाच्या दृश्याने घेतला, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण छायाचित्रण आणि तांत्रिक अचूकता यांचे भांडण त्यात पुरते दिसते.

चाकूऐवजी कोयता घ्यायचे ठरले. प्रत्येक कुळागरात तो असतोच, लोखंडी असतो आणि घासला की पाते चमकते. पहिले चित्रण कुळागरातच केले, जिथे काम चालते तिथेच. पडद्यावर पाहिले तेव्हा निळे मिश्रण हिरवट दिसत होते आणि पात्यावरचा तांबूस थर मातकट. पोफळींच्या पानांतून गाळून आलेल्या उजेडात हिरवी छटा असते. मोबाइलचा कॅमेरा पांढरा रंग आपल्या अंदाजाने ठरवतो आणि दृश्य हलले की तो अंदाज बदलतो. ज्या परीक्षेचा सगळा अर्थ रंगात आहे, तिथे कॅमेऱ्याने आपल्या मनाने रंग बदलणे परवडणारे नव्हते.

मग चित्रण अंगणात, ढगाळ उजेडात झाले. पांढऱ्या एनॅमलच्या ताटात दोन कोयते शेजारी शेजारी ठेवले : एक बरोबर मिश्रणातून काढलेला, दुसरा मुद्दाम चुना कमी घातलेल्या मिश्रणातून काढलेला. दोन्ही पाती एकाच चौकटीत असल्याने फोनचा पडदा स्वस्त असो वा महाग, रंग थोडा सरकला तरी दोन्हींचा सारखाच सरकतो, फरक मात्र शिल्लक राहतो. शिवाय लाल-हिरव्याचे रंगांधळेपण स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये कितीतरी जास्त आढळते, आणि हे काम करणारे बहुतेक पुरुषच. म्हणून निवेदनात रंगासोबत चकाकीचाही उल्लेख केला. बरोबर मिश्रणातले पाते उजेडात फिरवले की चमकते. बिघडलेल्या मिश्रणातल्या पात्याची चमक थराखाली जाते. ज्याला तांबडे नीट दिसत नाही त्यालाही एवढे दिसते.

यानंतर संकलनाचा प्रश्न आला. पाते मिश्रणात मिनिटभर तरी राहू द्यायचे असते. पडद्यावर एक मिनिट काहीही न घडणारे दृश्य दाखवणे हे संकलकाला पाप वाटते, आणि नेहमीच्या सवयीने त्याने ते कापले. कापलेल्या आवृत्तीत कोयता आत जातो आणि क्षणात तांबूस होऊन बाहेर येतो. ते पाहणारा माणूस कोयता बुडवेल, लगेच काढेल, पाते स्वच्छ पाहील आणि मिश्रण उत्तम झाले असे समजेल. म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या चाकूचाच दोष नव्या रूपात परत आला असता. अखेर ते मिनिट पूर्ण ठेवले आणि त्या मिनिटात निवेदकाने कोणता चाकू चालत नाही आणि का, ते सांगितले. वाट पाहण्याचा काळ कारण सांगायला वापरला, त्यामुळे दृश्य रिकामेही राहिले नाही.

शेजारी स्टीलच्या चाकूवर फुली आणि कोयत्यावर बरोबरची खूण असे स्थिर चित्र तक्त्यावरही आहे. या एका गोष्टीसाठी पुनरुक्ती चालेल असे ठरले.

आवाज, अक्षरे आणि पावसाचा पत्रा

बहुमाध्यमी अध्ययनावर रिचर्ड मेयर यांचे संशोधन प्रसिद्ध आहे. चित्र आणि निवेदन सोबत असताना निवेदनाचा तोच मजकूर शब्दशः पडद्यावर दाखवला तर शिकणाऱ्याचे लक्ष विभागते, हा त्यातला एक निष्कर्ष. त्यामागे माणसाच्या कार्यकारी स्मृतीची मर्यादा आहे, जिचा विचार जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून आकलनभाराच्या सिद्धांतात मांडला. आमच्यापुढे मात्र छपरावरचा पत्रा होता. पहिली फवारणी कोरड्यात होते, दुसरी ऐन पावसाळ्यात. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की फोनमधला आवाज ऐकूच येत नाही. त्यामुळे निवेदनाचा संपूर्ण मजकूर पडद्यावर न देता, आवाज गेला तरी काम चालेल एवढेच शब्द ठेवले : ‘आधी चुना’, ‘त्यात मोरचूद’, ‘ढवळत राहा’. याला उपशीर्षके म्हणता येणार नाहीत. ती पाट्यांसारखी आहेत.

निवेदन कोंकणी, हिंदी आणि कन्नड अशा तीन आवृत्त्यांत झाले. तक्ता मराठीत राहिला, कारण तो मालक वाचतात आणि त्यातले आकडे व चित्रे इतरांना वाचल्याशिवाय समजतात. तीन भाषा शक्य झाल्या त्या चित्रणातच केलेल्या एका निवडीमुळे. पडद्यावर कोणीही बोलत नाही, फक्त हात दिसतात, तेही काम करणाऱ्याच्या नजरेने, खांद्यावरून. समोरून चित्रण केले असते तर डावे-उजवे उलटले असते. मोरचूद नेहमी डावीकडे, चुना उजवीकडे, आणि तक्त्यावरही तसेच. चुना पांढरा, म्हणून त्याचे पिंप काळे घेतले. पांढऱ्या पिंपातला चुना पडद्यावर दिसतच नाही.

पार्श्वसंगीत घालावे असे दोघा-तिघांना वाटत होते. ते घातले नाही. चुना विझतानाचा सळसळ आवाज हीच तिथली माहिती आहे : आवाज थांबला नाही तोवर हात जवळ नेऊ नये, आणि पाणी घातल्यावर आवाजच आला नाही तर चुना जुना समजावा. ड्रोनने टिपलेले कुळागराचे विहंगम दृश्यही सुचवले गेले. कुळागर वरून फार सुरेख दिसते, यात वाद नाही. पण मिश्रण जमिनीवर करायचे असते.

पाहून करणाऱ्याने काय केले

संच वाटण्यापूर्वी त्याची चाचणी झाली. ज्याने बोर्डो मिश्रण कधीही केले नव्हते अशा एका कामगाराला चित्रफिती आणि तक्ता दिला, २० लिटरची सामग्री दिली, आणि कोणीही काही सांगायचे नाही असे ठरवले. जिथे तो थांबला तिथे सूचना अपुरी, असे धरायचे होते.

तो पहिल्यांदा थांबला तो सुरुवातीलाच. सामान सगळे समोर होते, तरी तो इकडेतिकडे काहीतरी शोधत होता. बऱ्याच वेळाने कळले की तो नारळाची करवंटी शोधत होता. चित्रीकरणाच्या दिवशी चुना घ्यायला हाताशी करवंटी होती म्हणून ती वापरली गेली होती, आणि चित्रफितीत ती दोन वेळा दिसते. पाहणाऱ्याने तिला साहित्यातला भाग मानले. लिखित सूचनेत अशी वस्तू शिरतच नाही, कारण लेखक तिचा उल्लेख करत नाही; चलचित्रात मात्र चौकटीत आलेली प्रत्येक वस्तू सूचना होऊन बसते. ते दृश्य तक्त्यावर दिलेल्या साहित्यातील भांड्यानेच पुन्हा चित्रित केले.

दुसरा थांबा फोनपाशी आला. हातमोजे ओले, त्यावर चुना. चित्रफीत थांबवायला बोट लावणे अशक्य. प्रत्येक पायरीची वेगळी लहान फीत करण्यामागे अध्ययनशास्त्रातले कारण होतेच, म्हणजे माणूस एका वेळी एक तुकडा पचवतो. चाचणीनंतर त्याला हाताचेही कारण मिळाले. फीत पूर्ण पाहायची, फोन बाजूला ठेवायचा, मग हात घालायचा, हा क्रम त्याने स्वतःच बसवला. आम्ही एवढेच केले की प्रत्येक फितीच्या शेवटी, पायरी पूर्ण झाल्यावर पिंप कसे दिसले पाहिजे ते स्थिर दृश्य काही क्षण ठेवले, म्हणजे नजर परत फोनकडे गेली तर ती योग्य जागी पडेल. फोन पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवण्याची कल्पनाही त्याचीच.

कोयत्याची परीक्षा त्याने न चुकता केली आणि मिनिटभर थांबलाही.

पोचवणूक

कुळागरे दरीत असल्याने मोबाइलचे जाळे मिळेल न मिळेल. तक्त्यावर क्यूआर कोड छापून त्यामागे चित्रफिती ठेवण्याचा विचार त्यामुळे मागे पडला. कोड आहे, पण तो घरी वाय-फायवर एकदा उतरवून घेण्यासाठी. एरवी फिती व्हॉट्सअ‍ॅपवरूनच फिरतात. व्हॉट्सअ‍ॅप चित्रफीत पाठवताना ती दाबून लहान करते, आणि त्या दाबात पहिला बळी जातो तो बारीक रंगछटांचा. म्हणून पात्याचे दृश्य इतक्या जवळून घेतले की दाबल्यानंतरही पडद्याचा मोठा भाग पात्यानेच व्यापलेला राहतो, आणि मूळ प्रत डॉक्युमेंट म्हणून पाठवावी अशी सूचना मालकांना दिली, कारण तशी पाठवलेली फाइल दाबली जात नाही.

तक्ता साध्या कागदावर नाही, पाणी न लागणाऱ्या छपाईत आहे, आणि मिश्रण जिथे होते त्याच छपराखाली, डोळ्यांच्या उंचीवर लावला आहे. त्याला एक खिळा जास्त दिला आहे, घासलेला कोयता अडकवून ठेवण्यासाठी.

फवारणीबद्दलची फीत सर्वांत लहान झाली. पोफळीवर चढून एका झाडावरून दुसऱ्यावर झोका घेणाऱ्या माणसाला फवारा कसा धरावा हे शिकवण्याचा उपद्व्याप कोणी करू नये. ते त्याला आपल्यापेक्षा चांगले येते. त्याला आणि मालकाला मिळून एकच गोष्ट हवी होती : घोस सगळ्या बाजूंनी भिजला का, हे कसे कळणार? इथे तो निळसर राप कामाला आला. वाळलेल्या घोसावर तो खालून दिसतो. दुर्बिणीसारखे जवळ आणलेले दोन घोस, एक सर्व बाजूंनी निळसर आणि दुसरा मागच्या बाजूने हिरवाच राहिलेला, एवढेच त्या फितीत आहे, आणि तीच दोन छायाचित्रे तक्त्यावर.

काय मोजले, काय मोजले नाही

फळगळ कमी झाली का, असा प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो. त्याचे श्रेय सूचनासंचाला देणे योग्य नाही. कोळेरोगाचा जोर पावसावर, उघडिपीवर आणि शेजारच्या बागेत गळलेली फळे गोळा करून नष्ट केली जातात की नाही यावरही अवलंबून असतो. एका हंगामावरून निष्कर्ष काढणारा माणूस पुढच्या हंगामात तोंडघशी पडतो. सूचनांनी कृती बदलली का, एवढेच पाहण्यासारखे होते. त्यासाठी छपराखाली एक वही ठेवली. तिच्यात तारीख, चुन्याची गोणी कधी उघडली, आणि कोयत्याचा निकाल, एवढेच रकाने आहेत. वही काही ठिकाणी नेमाने भरली गेली, काही ठिकाणी पहिल्या पानानंतर कोरी राहिली. जिथे ती भरली गेली तिथे एक नवीन गोष्ट पुढे आली : कोयता पहिल्याच वेळी स्वच्छ निघाला नाही म्हणून पुन्हा चुना घातल्याच्या नोंदी. पूर्वी हे घडत नव्हते असे नाही, ते कळत नव्हते.

फोनवर येणारे प्रश्नही बदलले. प्रमाण कोणी विचारत नाही. ताजा कळीचा चुना कुठे मिळेल आणि गोणी उघडल्यावर तो कशात ठेवावा, हे विचारतात. या प्रश्नासाठी नवी फीत करण्याची गरज नव्हती. झाकण घट्ट बसणाऱ्या पिंपाची एक ओळ तक्त्याच्या पुढच्या छपाईत घातली.

पुढची छपाई हा या प्रकारच्या संचाचा कायमचा खर्च आहे आणि तो सुरुवातीला कोणी धरत नाही. छापील तक्ता बदलणे सोपे असते : जुना काढायचा, नवा लावायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर एकदा सुटलेली चित्रफीत परत बोलावता येत नाही; ती नातेवाइकांच्या, देवळाच्या आणि भजनी मंडळाच्या गटांतून वर्षानुवर्षे फिरत राहते. म्हणून कोणत्याही फितीत, निवेदनात वा पाटीवर, किलो आणि लिटरचा एकही आकडा नाही. शिफारस उद्या बदलली तरी जुनी फीत जुने प्रमाण सांगणार नाही, कारण तिने ते कधी सांगितलेलेच नाही. प्रत्येक फितीच्या पहिल्या चौकटीत मात्र वर्ष आहे आणि प्रमाणासाठी तक्ता पाहावा अशी सूचना आहे.

कार्बन फायबरच्या लांब दांडीने जमिनीवरून फवारणी करण्याची पद्धत सुपारीच्या पट्ट्यांत आता पसरू लागली आहे, आणि चढणारी माणसे मिळेनाशी झाल्याने येथील काही मालकांचाही तिकडे ओढा आहे. त्यात फवारणारा माणूस खाली, फवाऱ्याच्या थेट छायेत उभा असतो, म्हणून वाऱ्याची दिशा आणि डोळ्यांचे संरक्षण या दोन गोष्टी जुन्या पद्धतीपेक्षा जास्त महत्त्वाच्या ठरतात. त्याची फीत अजून केलेली नाही. दांडी वापरणारा अनुभवी माणूस मिळाल्यावर, आधी त्याचे काम पाहून, मगच ती चित्रित करायची असे ठरले आहे.